‘ढ’ पोरं आणि सहा मीटरचं अंतर

फळ्यावरचं चुकीचं उतरवणाऱ्या पोराला आपल्याकडे एकच शब्द: ‘ढ’. त्यातल्या काहींना फळाच दिसत नसतो. आणि गंमत म्हणजे हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. सगळ्यांना असंच धूसर दिसतं असं वाटत असेल, तर तक्रार कशाची करणार? चष्मा शेकडो वर्षं होता, पोराला जाऊन विचारणारं कुणी नव्हतं.

तपासायचं साधनही जुनं. हॉलंडच्या स्नेलेनने अक्षरांचा तक्ता १८६२ साली काढला. अक्षरओळख नसेल तर इंग्रजी ‘ई’ चारी दिशांना फिरवलेला तक्ता असतो, दांड्या कुठे वळल्यात ते बोटाने दाखवायचं. सहा मीटर अंतर पुरतं. आपल्याकडे शाळकरी मुलांच्या वैद्यकीय तपासणीची सुरुवात १९०९ सालची, बडोद्यात. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पोरं एका छपराखाली आल्याशिवाय तपासणार कुणाला?

मग १९६० ची रेणुका राय समिती, १९७६ चा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम. त्यात पुढे शिक्षकांनाच प्राथमिक तपासणी शिकवली आणि गरीब मुलांना फुकट चष्मे आले.

इथे जगाच्या मोजणीतला एक बग सांगायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत बरीच वर्षं ‘योग्य चष्मा लावून किती दिसतं’ तेच धरलं जाई. म्हणजे ज्याच्याकडे चष्माच नाही तो कागदावर ठणठणीत! चष्म्याविना किती जण अडलेत याचा जागतिक अंदाज संघटनेच्या नियतकालिकात २००८ साली आला. त्यात ५ ते १५ वयाची १ कोटी २८ लाख मुलं निघाली.

असो. आता आपल्या दारात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तो फेब्रुवारी २०१३ मध्ये, पालघरहून. (पालघर जिल्हा झाला २०१४ ला, तेव्हा आमचं उमेळेही ठाण्यातच.) दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असं पथक गाडीने फिरतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा. जन्मजात व्यंगांपासून नजरेपर्यंत सगळं बघतात.

कल्पना उत्तम, पण ती पोरगं शाळेत आहे असं धरून चालते. वसई तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर येतात, पावसाच्या तोंडाशी परततात. पथक गावच्या शाळेत, पोरगं भट्टीवर. विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच भोंगा शाळा काढल्या, शाळाच पोरामागे गेली. चष्म्याचंही तसंच करावं लागेल. दोन्ही डोळ्यांचा नंबर साधा आणि सारखा असेल, तर तयार चष्मा जागेवर देता येतो. तिरका नंबर निघाला तर काच बनवून येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर भट्टी सुटलेली असते.