शब्द कुठे तोडायचा?

मंडळी, संगणकाची गोष्ट आम्ही मोडीपासून सुरू करतो आहोत, याचं नवल वाटू देऊ नका. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि खाली अक्षरं लिहीत जायचं. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही. तोडण्याचं काम वाचणाऱ्याचं.

हे काम किरकोळ नव्हे. ऋग्वेदाचा पदपाठ, म्हणजे संधी सोडवून केलेली पदांची मांडणी, शाकल्यांच्या नावावर आहे. तत्त्वज्ञानात तर तोडण्यावर दर्शनं उभी राहिली. छांदोग्यातल्या एका प्रसिद्ध वाक्यात 'आत्मा'च्या पुढे शंकराचार्य 'तत्' वाचतात, मध्वाचार्य 'अतत्'. आ आणि अ मिळून आ-च होतो, त्यामुळे कानाला दोन्ही सारखंच. पण एकाला जीव आणि ब्रह्म एक दिसतात, दुसऱ्याला भिन्न.

आता संगणक. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या परिषदेसाठी बोटीने याच दासगाव बंदरात उतरले. समजा, त्या काळाच्या कागदांच्या स्कॅन प्रती कुणी 'दासगाव' या फायलीत ठेवल्या, आणि शेजारी 'दासगाव बंदर' नावाची एक निकामी फाईल आहे. ती पुसायला युनिक्सवर 'आरएम दासगाव बंदर' असा हुकूम दिला. शेल मोकळ्या जागेवर तोडतं, त्याला दोन नावं दिसतात. निकामी फाईल राहते, कागद जातात! नाव अवतरणचिन्हांत घातलं असतं तर ते अखंड राहिलं असतं.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीतल्या बोर्न शेलमध्येही तोडणं शेलकडेच होतं. कार्यक्रमाच्या हाती सुटे शब्द पडत. विंडोजने दुसरी वाट धरली. तिथे कार्यक्रमाला सबंध ओळच मिळते आणि ती ज्याची त्याने तोडायची. साहजिकच एकच ओळ दोन कार्यक्रम दोन तऱ्हांनी वाचू शकतात. आम्हाला पहिली वाट बरी वाटते.

स्वतः कोड लिहिणारे बरेचदा नुसत्या मोकळ्या जागेवर ओळ कापतात. ते अपुरं आहे. एकेक अक्षर पाहत, आपण अवतरणात आहोत की बाहेर, उलटी तिरकी रेघ लागली का, हे लक्षात ठेवत पुढे जावं लागतं. पायथॉनमध्ये यासाठी 'श्लेक्स' तयारच आहे, पण ते युनिक्सच्या रीतीने तोडतं. आणि शब्द मुळात सुटेच हाती असतील, तर ते जोडून पुन्हा तोडण्याच्या फंदात पडू नये, यादीच पुढे द्यावी.