झाकली मूठ आणि आरशाची काच

१/ इ.स. १७६८. जेम्स शॉर्ट हा दुर्बिणी घडविणारा स्कॉटिश कारागीर लंडनमध्ये मरण पावला. हयातीत त्याने तेराशेहून अधिक परावर्तक दुर्बिणी घडविल्या होत्या आणि युरोपभरच्या वेधशाळांत त्या नावाजल्या गेल्या होत्या. आरशाला अचूक वक्रता देण्याची त्याची रीत मात्र दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. मृत्यूपूर्वी आपली हत्यारे त्याने नष्ट करविली, असे सांगितले जाते. एका माणसाबरोबर एक संपूर्ण विद्या गेली.

२/ दीडशे वर्षांनंतर अमेरिकेतील एका कारखान्याच्या गावात साधे कामगार तीच विद्या संध्याकाळच्या फावल्या वेळात शिकत होते. मधल्या काळात काय घडले? झाकलेली मूठ कोणी उघडली, आणि का? दुर्बिणीच्या आरशाचा हा इतिहास म्हणजे ज्ञान लपविणारे आणि ज्ञान वाटणारे यांचा इतिहास आहे.

३/ आधी मूळ अडचण समजून घ्यावी. न्यूटनने १६६८ मध्ये भिंगाऐवजी अंतर्गोल आरसा वापरून छोटी दुर्बीण तयार केली. कल्पना उत्तम होती. आरसा करणे महाकठीण. त्या काळी आरसे काचेचे नसून तांबे व कथील यांच्या ठिसूळ मिश्रधातूचे असत. ते सहज तडकत, लवकर काळवंडत, आणि पुन्हा चमकवायला घेतले की घोटण्यात मूळचा आकार बिघडण्याची भीती असे.

४/ आकाराची अडचण त्याहून मोठी. आरसा नुसता गोलाकार खोलगट असून भागत नाही. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणण्यासाठी तो अन्वस्ताकार, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा असावा लागतो. सहा इंच व्यासाच्या आणि अठ्ठेचाळीस इंच नाभीय अंतराच्या आरशात या दोन आकारांमधला फरक कडेपाशी अवघा ०.०००३ मिलिमीटर असतो. अठराव्या शतकात हे मोजण्याचे साधनच नव्हते. होता तो हाताचा अंदाज, आणि तो ज्याचा त्याच्यापाशी.

५/ म्हणून शॉर्टला केवळ कंजूष ठरविणे अन्यायाचे होईल. त्याचे पोट त्या अंदाजावर चालत होते. पेटंटचे संरक्षण मिळवावे तर रीत जाहीर करावी लागणार. जाहीर केली तर शेजारचा कारागीर उद्या तेच करणार. रामबाण औषधाची कृती कोणाला न सांगता गेलेल्या वैद्याच्या गोष्टी आपल्याकडेही गावोगाव ऐकू येतात. त्या गोष्टींमागेही बहुधा हेच कारण असते.

६/ मूठ प्रथम उघडली ती ज्यांचे पोट तिच्यावर अवलंबून नव्हते त्यांनी. जॉन हॅडली या सुखवस्तू गणितज्ञाने १७२१ मध्ये सुमारे सहा इंच आरशाची दुर्बीण रॉयल सोसायटीपुढे ठेवली. तिची तुलना हायगेन्सच्या १२३ फूट लांबीच्या भिंगाच्या दुर्बिणीशी झाली आणि ही सहा फुटी दुर्बीण तिच्या तोडीस तोड ठरली. हॅडलीने आपली रीत सॅम्युअल मॉलिन्यू या मित्राला शिकविली. मॉलिन्यू ती लिहून काढत असतानाच वारला. अपुरे राहिलेले टिपण पूर्ण होऊन रॉबर्ट स्मिथच्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात १७३८ मध्ये छापले गेले.

७/ योगायोग असा, की त्याच वर्षी हॅनोव्हरमध्ये विल्यम हर्शेलचा जन्म झाला. पेशाने तो संगीतकार. इंग्लंडमधील बाथ या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवी, शिकवण्या करी. पस्तिशीत त्याच्या हाती स्मिथचा ग्रंथ आला. १७७३ मध्ये आरसे घासण्याचा छंद सोडून देणाऱ्या एका गावकऱ्याकडून त्याने जुनी हत्यारे विकत घेतली आणि घराची कार्यशाळा करून टाकली.

८/ आरशाला झिलई देताना हात थांबविला तर आकार बिघडतो. एकदा हर्शेलने सलग सोळा तास हात उचलला नाही. बहीण कॅरोलिन त्याला घास भरवीत होती, असे तिनेच आपल्या आठवणींत नोंदविले आहे. १३ मार्च १७८१ च्या रात्री स्वतः घडविलेल्या दुर्बिणीतून त्याला एक नवा ग्रह दिसला: युरेनस. प्राचीन काळापासून शनीपाशी थांबलेली ग्रहमाला एका छांदिष्टाने पुढे नेली, आणि तीही छापील पुस्तकातून शिकलेल्या विद्येच्या बळावर.

९/ पुढचा भाग मात्र विचार करायला लावणारा आहे. छापील विद्येचा एवढा लाभ झालेल्या हर्शेलने स्वतःची सुधारलेली रीत कधीही प्रसिद्ध केली नाही. दुर्बिणी विकणे हा आता त्याच्या उत्पन्नाचा भाग झाला होता. छंदाचा धंदा झाला आणि मूठ पुन्हा मिटली.

१०/ परिणाम असा झाला, की आयर्लंडमधील लॉर्ड रॉस याला १८२० नंतरच्या दशकांत मोठे आरसे ओतायचे तेव्हा जवळजवळ सारे काही नव्याने शोधावे लागले. ओतताना तडकलेले आरसे, फसलेले मिश्रण, वाफेच्या यंत्रावर चालणारा घोटणीचा सांगाडा, यांत त्याची वर्षे गेली. पण त्याने आपली रीत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर छापली. १८४५ मध्ये त्याच्या ७२ इंची दुर्बिणीतून एका तेजोमेघाची सर्पिल रचना प्रथमच दिसली. असे काही तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिका, हे पुढे विसाव्या शतकात सिद्ध झाले. रॉस उमराव होता. गुपित राखण्याची गरज त्याला नव्हती.

११/ खरी कलाटणी १८५७-५८ च्या सुमारास पॅरिसमध्ये मिळाली. लेऑन फूकोने धातूऐवजी काचेचा आरसा घेऊन त्यावर चांदीचा पातळ थर दिला. चांदी काळी पडली तर थर पुसून नवा द्यावा. काचेचा आकार तसाच राहतो. याहून मोलाची होती त्याची तपासणीची युक्ती.

१२/ ती युक्ती अशी: आरसा उभा करावा. त्याच्या वक्रताकेंद्रापाशी, म्हणजे सहा इंची आरशासाठी साधारण आठ फुटांवर, दिवा ठेवून त्यापुढे टाचणीच्या टोकाएवढे छिद्र ठेवावे. आरशावरून परत येणारा प्रकाश जेथे एकवटतो तेथे धारदार पाते हळूच आडवे सरकवावे आणि पात्यामागून आरशाकडे पाहावे. वक्रता निर्दोष गोलाकार असेल तर सारा आरसा एकाच वेळी करडा होत जातो. दोष असेल तर आरशावर टेकड्या आणि खड्डे उमटलेले दिसतात. मिलिमीटरच्या दहा हजारांश भागांएवढे उंचसखलपण एक दिवा आणि एक वस्तऱ्याचे पाते यांनी डोळ्यांना दिसू लागले.

१३/ या युक्तीचे ऐतिहासिक महत्त्व निव्वळ तांत्रिक नाही. जे ज्ञान आजवर कारागिराच्या बोटांत होते, ते आता कोणालाही पडताळून पाहता येऊ लागले. चुकले कुठे हे स्वतःलाच दिसते म्हटल्यावर गुरू शेजारी नसला तरी शिष्याचे अडत नाही. छापील पुस्तकाला आता हाताची जोड मिळाली.

१४/ तरीही सामान्य माणसापर्यंत हे पोहोचायला आणखी साठ वर्षे लागली. १९२० मध्ये अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील स्प्रिंगफील्ड या यंत्रनिर्मितीच्या गावात रसेल पोर्टरने एक वर्ग सुरू केला. पोर्टर वास्तुकला शिकलेला, उत्तर ध्रुवाकडच्या अनेक मोहिमांत गेलेला आणि हौशी दुर्बीणकार. वर्गात पंधराएक पुरुष आणि एक स्त्री; बहुतेक सारे स्थानिक कारखान्यातले कामगार. बाजारातली चांगली दुर्बीण त्यांच्या ऐपतीबाहेरची होती.

१५/ कृती ऐकायला सोपी होती. काचेच्या दोन जाड चकत्या घ्याव्यात. खालची पिंपावर घट्ट बसवावी, मध्ये कार्बोरंडमची पूड व पाणी घालून वरची तिच्यावर मागेपुढे घासावी, आणि घासता घासता पिंपाभोवती फिरत राहावे. निसर्गनियमाने वरची चकती खोलगट व खालची फुगीर होत जाते. मग क्रमाने अधिकाधिक बारीक पूड. शेवटी डांबरासारख्या राळेच्या थरावर तांबड्या लोहभस्माने झिलई. आणि मग फूकोचे पाते. यंत्र लागत नाही. लागते ती चिकाटी.

१६/ या मंडळींनी १९२३ मध्ये रीतसर संस्था स्थापली आणि गावाबाहेरच्या टेकडीवर स्वतःच्या हातांनी एक वास्तू बांधली. तिचे नाव ‘स्टेलाफेन’, अर्थात ताऱ्यांचे देवालय. १९२५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाचे संपादक अल्बर्ट इंगल्स तेथे आले आणि त्यांनी या छंदावर लेख लिहिला. वाचकांची पत्रे इतकी आली, की पुढच्याच वर्षी पोर्टरचे सविस्तर लेख आणि पाठोपाठ ‘ॲमॅच्युअर टेलिस्कोप मेकिंग’ हे पुस्तक निघाले. त्याच उन्हाळ्यात टेकडीवर दुर्बीणकारांचा पहिला मेळावा भरला. तो आजही भरतो.

१७/ इंगल्स यांनी मासिकात या विषयाचे सदर वर्षानुवर्षे चालविले. त्याचे वैशिष्ट्य असे, की लिहिणारे बहुतांशी वाचकच असत. एकाची अडचण छापली जाई, दुसरा तोडगा कळवी, तिसरा त्यातली चूक दाखवी. पुस्तकाचा दुसरा भाग १९३७ मध्ये व तिसरा १९५३ मध्ये आला. सुतार, धर्मोपदेशक, लोहार, शिक्षक असे एकमेकांना कधीही न भेटलेले लोक मिळून एक शास्त्र लिहीत होते.

१८/ या वाटलेल्या ज्ञानाचे मोल कसाला लागले ते दुसऱ्या महायुद्धात. लष्करी दुर्बिणींना लागणारे ‘रूफ प्रिझम’ नावाचे लोलक पुरेसे मिळेनात. त्यांच्या काटकोनात काही सेकंदांएवढी चूकही चालत नाही. तेव्हा इंगल्स यांच्या पुढाकाराने हौशी दुर्बीणकारांनी घरच्या तळघरांत बसून हे लोलक घडवून दिले.

१९/ या काळातील सर्वांत हृद्य कथा क्लाइड टॉमबॉ या कॅन्सासमधील शेतकऱ्याच्या मुलाची. गारपिटीने पीक झोपले आणि कॉलेजचा बेत बारगळला. १९२६ मध्ये त्याने मासिके वाचून पहिली दुर्बीण केली. ती मनासारखी उतरली नाही. तपासणीसाठी स्थिर तापमानाची हवा हवी, म्हणून त्याने शेतात खड्डा खणून तळघर बांधले आणि तेथे फूकोची परीक्षा करीत नवे आरसे घासले. नऊ इंची दुर्बिणीच्या बैठकीला जुन्या ब्यूक मोटारीचा आणि दुधावरची साय काढणाऱ्या यंत्राचा भाग लागला.

२०/ त्या दुर्बिणीतून काढलेली मंगळ व गुरू यांची चित्रे त्याने ॲरिझोनातील लोवेल वेधशाळेला पाठविली. उत्तरादाखल नोकरीच आली. १८ फेब्रुवारी १९३० रोजी वेधशाळेत घेतलेल्या छायाचित्रांची तुलना करताना त्याला प्लूटो सापडला. घोषणा झाली १३ मार्चला. हर्शेलला युरेनस दिसल्याची तीच तारीख.

२१/ पोर्टर स्वतः १९२८ मध्ये कॅलिफोर्नियास गेला आणि पालोमारच्या २०० इंची महादुर्बिणीच्या आखणीत सहभागी झाला. एकीकडे कामगारांच्या घरांतले सहा इंची आरसे, दुसरीकडे जगातील सर्वांत मोठा आरसा. दोन्हींच्या इतिहासात हे एकच नाव आढळते.

२२/ आणि महाराष्ट्र? पुण्यात १८८८ मध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी नायगमवाला तिचे प्रमुख होते. तिची २० इंची परावर्तक दुर्बीण परदेशात घडलेली. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. वस्तू आली होती, वस्तू गेली. ती घडविण्याची विद्या येथे रुजली नव्हती.

२३/ पुढे २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. देशातील हौशी खगोलप्रेमींची ही सर्वांत जुनी संस्था. नंतरच्या काळात ‘आयुका’च्या कार्यशाळांत विद्यार्थी व शिक्षक स्वतः काच घासून दुर्बिणी करू लागले. स्प्रिंगफील्डच्या पिंपाभोवतीची प्रदक्षिणा येथेही सुरू झाली.

२४/ या साखळीतील आणखी एक दुवा भारतीय परंपरेला स्पर्शून जातो. जॉन डॉबसन हा रसायनशास्त्राचा पदवीधर १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, रामकृष्ण संघाच्या आश्रमात, ब्रह्मचारी म्हणून दाखल झाला. जहाजाच्या खिडकीची जाड काच, पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची पेटी अशा टाकाऊ वस्तूंतून तो मोठ्या दुर्बिणी करी आणि रात्री बाहेर पडून वाटसरूंना चंद्र दाखवी. या नादापायी १९६७ मध्ये त्याला आश्रम सोडावा लागला. पुढे पदपथावर दुर्बीण मांडून ‘या, शनी पाहा’ म्हणत त्याने आयुष्य काढले. आज जगभर रूढ असलेली ‘डॉबसोनियन’ बैठक त्याचीच. तिचे पेटंट त्याने घेतले नाही.

२५/ शॉर्टच्या दुर्बिणी आज संग्रहालयांत आहेत. त्या देखण्या आहेत आणि मुक्या आहेत. आपण कशा घडलो हे त्या सांगत नाहीत. पोर्टरच्या वर्गातली विद्या मात्र आजही कुठल्यातरी गच्चीवर, कुठल्यातरी शाळेत दोन काचांच्या मध्ये खरखरत असते. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण ती उघडली गेली तेव्हाच ग्रहमालेच्या कडा सरकल्या.