स्मृतीचें पान केवढें असावें?

पेण-रोह्याकडील भातखाचरें लहान. पूर्वीच्या तलाठ्याच्या दप्तरांत त्यांच्या नोंदी ढीगभर. नेहमीच्या चार नोंदी त्याला तोंडपाठ असत. बाकीच्यांसाठीं रुमाल सोडावा लागे. संगणकाच्या प्रोसेसरचेंही असेंच आहे. स्मृतीचें कोणतें पान कोठें, हें थोड्याच पानांपुरतें त्याच्या ध्यानांत राहतें. एरव्हीं कोष्टकें धुंडाळावीं लागतात आणि तोंवर काम खोळंबतें.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या टिफ्रॅकच्या स्मृतींत प्रत्येकीं ४० बिटांचे अवघे २०४८ शब्द मावत. १९६२ सालीं मँचेस्टरच्या अॅटलस यंत्रानें स्मृतीचीं ५१२ शब्दांचीं पानें पाडलीं. इंटेलच्या ८०३८६ नें १९८५ सालीं पान ४०९६ बाइटांचें ठेवलें. टिफ्रॅकची सगळी स्मृति अशा अडीच पानांत मावली असती! पुढें स्मृति लक्षपटींनीं वाढली. नेहमीचें पान मात्र तेवढेंच राहिलें. खरी अडचण येथेंच.

१९९३ च्या पेंटियमनें चार मेगाबाइटांचें पान देऊं केलें. २०११ सालीं लिनक्सच्या गाभ्यानें दोन मेगाबाइटांचीं पानें आपण होऊन देण्याची सोय केली. एकच नोंद ५१२ नोंदींचें काम करूं लागली. पण मूठभर दाण्यांसाठीं अख्खी कणगी अडते, आणि एवढी सलग जागा जुळवितांना गाभाही मध्येंच अडखळतो. रेडिस या डेटाबेसचे कर्ते तर ही सोय बंदच ठेवा म्हणतात.