खडकांतील भेगांचा खडबडीतपणा

खडकांतील भेगांचा खडबडीतपणा : भेगेच्या समोरासमोरच्या पृष्ठांवरील उंचवटे व खळगे यांची ठेवण. भेगेवरून खडक किती सहज सरकेल आणि तिच्यातून पाणी किती वाहील, हे दोन्ही त्यावर ठरते. उतार व बोगदे पाहणाऱ्या अभियंत्याने घर्षण मोजावे आणि भूजलतज्ज्ञाने प्रवाह, अशी वाटणी रूढ आहे, ती सोयीपुरतीच. खडक सरकला की फटही बदलते.

घर्षण : पॅटन यांनी 1966 मध्ये दातेरी पृष्ठांवरील प्रयोगांतून दाखवले, की दाब कमी असताना वरचा खडक उंचवट्यांवर चढत सरकतो, म्हणून चढाचा कोन मूळ घर्षणकोनात मिळवावा लागतो, दाब वाढला की उंचवटेच तुटतात. बार्टन व चौबे यांनी 1977 मध्ये खडबडीतपणाला 0 ते 20 असा अंक दिला. भेगेची रेषाकृती 10 सेंमी. लांबीच्या दहा नमुन्यांशी डोळ्यांनी ताडून हा अंक ठरवतात. पद्धत झटपट आहे, पण दोन माणसांचे अंक जुळतीलच असे नाही. बायर्ली यांनी 1978 मध्ये संकलित केलेल्या प्रयोगांनुसार मोठ्या दाबाखाली बहुतेक खडकांचा घर्षणांक 0.6 ते 0.85 इतका येतो. चिकणमाती मात्र अपवाद. म्हणजे घर्षणावरील खडबडीतपणाचा प्रभाव जमिनीलगत मोठा असतो आणि खोलवर ओसरतो.

प्रवाह : दोन गुळगुळीत समांतर पृष्ठांमधील प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. फट 0.1 मिमी.ची 0.2 मिमी. झाली, तर तेवढ्याच दाबउताराला आठपट पाणी वाहते. खऱ्या भेगेत पृष्ठे ठिकठिकाणी टेकलेली असतात, पाणी वळसे घेत मोजक्या वाटांनीच जाते आणि प्रवाहाच्या हिशेबातली रुंदी मोजलेल्या सरासरी रुंदीपेक्षा कमी निघते. मोजमापातली लहान चूकही घनामुळे फुगते, त्यामुळे समांतर पृष्ठांच्या सूत्राचे उत्तर जपूनच वापरावे. उंचवट्यांवर चढून खडक सरकला तर फट रुंदावून प्रवाह वाढतो. उंचवटे भरडून चुरा साचला तर तो घटतो.

भूजल : सुरतजवळच्या सचिन परिसरासारख्या गाळाच्या मैदानात पाणी वाळूच्या कणांमध्ये साठते. तापीच्या वरच्या अंगाला उकाईकडे आणि महाराष्ट्रातील बहुतेक भागांत काळ्या पाषाणातले (बेसाल्टमधले) पाणी मात्र भेगा, लाव्हाथरांच्या सीमा व झिजलेला थर यांतच मिळते. काही भेगा झिओलाइट, कॅल्साइट किंवा चिकणमातीने भरलेल्या असतात. मातीचा थर उंचवट्यांपेक्षा जाड असेल, तर घर्षण मातीचेच. शेजारच्या दोन बोअरपैकी एक कोरडी जाते ती मुख्यतः भेग न लागल्याने. भेग लागूनही पाण्याची वाट हुकू शकते.

कोयना : घर्षण आणि पाणी यांचा संबंध महाराष्ट्राने सर्वांत कठोरपणे अनुभवला तो येथे. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय 1962 मध्ये भरू लागला, भूकंपांची नोंद वाढली आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 महत्तेचा धक्का बसला. जलाशयाच्या भाराबरोबरच भेगांतून खोलवर पोहोचणारा पाण्याचा दाबही येथे कारणीभूत मानला जातो. या दाबामुळे भ्रंशाची, म्हणजे ज्या मोठ्या भेगेवरून खडक सरकतो तिची, पृष्ठे एकमेकांवर कमी जोराने दाबली जातात. घर्षणांक तोच राहिला तरी रोखणारे बल घटते. दाब पोहोचायला किती काळ लागेल, हे भेगांच्या जाळ्यातील प्रवाहवाटांवर अवलंबून असते. म्हणून खोलवर घर्षणात दुय्यम ठरलेला खडबडीतपणा प्रवाहाच्या रूपाने पुन्हा महत्त्वाचा होतो.

केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या कऱ्हाड येथील प्रयोगशाळेने याच परिसरात 3 किमी. खोल प्रायोगिक विंधनछिद्र 2017 मध्ये पूर्ण केले. ते बेसाल्ट ओलांडून खालच्या ग्रॅनाइट-नाइस खडकात शिरले. अशा छिद्रातून भेगांचे प्रत्यक्ष पुरावे मिळतात, पण तेही छिद्राच्या रुंदीपुरतेच. भेगेची लांबी वाढते तसा तिचा खडबडीतपणाचा अंक घटतो, त्यामुळे 10 सेंमी.च्या नमुन्यावरचा अंक किलोमीटरभर लांबीच्या भ्रंशाला जसाच्या तसा लावणे चूक आहे.