उलटी बॅटरी

तर झालं असं. मे महिन्यात सुट्टी काढून मालवणला घरी गेलो. अंगणातली गाडी तीन महिने उभीच होती. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साचलेली (खाऱ्या वाऱ्याची कृपा!). बॅटरी बाहेर काढली, खायच्या सोड्याच्या पाण्याने घासली आणि तिन्हीसांजेला परत बसवली. फक्त ठेवताना फिरवून ठेवली. डावीकडची वायर डावीकडे, उजवीकडची उजवीकडे. एक क्लॅम्प सैल, दुसरा घट्ट. घट्ट होता तो चक्क ठोकून बसवला. फाटकन ठिणगी, जळका वास आणि गाडी ठप्प.

दुसऱ्या दिवशी आजीला कणकवलीला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ती एस्टीने गेली. गुडघे धरून, एक शब्द न बोलता. मिस्त्री मात्र बोलले, "तू इंजिनेर मां रे? गाडी जळाक नाय, ता नशीब समज!" मेन फ्यूज उडाला होता, म्हणून बाकीचं वाचलं. मग म्हणाले, पूर्वी काही गाड्यांत प्लसच बॉडीला असायचा. मला वाटलं फेकतायत. शोधलं, तर खरं निघालं!

जुन्या ब्रिटिश गाड्या 'पॉझिटिव्ह अर्थ' असायच्या, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ तशीच, आणि आपली अँबेसेडर तिच्यावरच बेतलेली. उलट कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११०० 'निगेटिव्ह अर्थ'. म्हणजे एका गाडीत जी वायर बॉडीची, तीच दुसरीत जिवंत!

प्लस बॉडीला का? कारण गंज. ओलाव्यात तांब्याची वायर प्लस बाजूला असेल तर ती झिजते, मायनस बाजूला असेल तर टिकते. टेलिफोन एक्सचेंजमध्ये याच कारणाने आजही प्लस जमिनीला जोडतात आणि व्होल्टेज उणे ४८ म्हणतात. मालवणच्या हवेत हे लगेच पटतं.

मग बदललं का? फोर्डने १९५६ साली ६ व्होल्ट सोडून १२ व्होल्ट घेतले, तेव्हाच मायनस बॉडीला नेला. १९६० साली क्रायस्लरच्या व्हॅलियंटमध्ये डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. ब्रिटिशही वळले; एमजीबीने १९६७ साली बाजू बदलली. पुढे सगळ्यांनी एकच पद्धत धरली.

डायनॅमो तसा क्षमाशील. त्याचं प्लस-मायनस ठरतं आतल्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर. वायर क्षणभर टेकवून ते उलटवता येतं. जुन्या गाड्या लोक असंच करून निगेटिव्ह अर्थ करून घेत. बल्बला दिशा कळत नाही. कॉइलवाला स्टार्टरही उलट्या बॅटरीवर त्याच दिशेने फिरतो, कारण त्याच्यात दोन्ही चुंबकत्वं एकदम उलटतात.

अल्टरनेटरमध्ये सहा मुख्य डायोड असतात. एरवी ते बॅटरीचा करंट मागे येऊ देत नाहीत. बॅटरी उलटी लावली की तेच डायोड सताड उघडे दरवाजे होतात. दोन डायोडवर मिळून जेमतेम दीड व्होल्ट अडतो, बाकी सरळ शॉर्ट सर्किट. शेकडो अँपिअर! आधी फ्यूज गेला तर नशीब, नाहीतर डायोड.

म्हणजे प्लस कुठे जोडायचा हा निसर्गनियम नाही, माणसांनी केलेला करार आहे. आम्ही प्रोग्रॅमवाले असे करार रोज करतो आणि ते लिहून ठेवायचा कंटाळा करतो. बॅटरीवाल्यांनी मात्र लिहून ठेवलाय, तोही अंधारात हाताला कळेल असा. प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो. म्हणूनच एक क्लॅम्प घट्ट गेला होता! ती सूचना होती. मी ती ठोकून गप्प केली.

असो. आता टर्मिनल सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढतो. आजीचे गुडघे बरे आहेत, पण गाडीत बसण्याआधी ती विचारतेच, "आज सुरू होतली मां?"