ससा, पाळीव : साधने व वाहतूक

बीड जिल्ह्यातील केज हे तालुक्याचे गाव बालाघाटच्या पठारी प्रदेशात असून, तेथे ऐन उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जात असल्यामुळे, धापा टाकून आणि विशेषतः कानांवाटे अंगातील उष्णता बाहेर सोडणाऱ्या सशासाठी सावलीची तजवीज सर्वांत आधी करावी लागते. खुराड्याच्या जाळीवर गवताचा जाड थर हवा, कारण नुसत्या तारेने तळपायांस जखमा होतात. दात आजन्म वाढत असल्याने वाळलेले गवत हाच मुख्य आहार. लसूणघास बेताचाच द्यावा.

वाहतूक ही सर्वांत नाजूक बाब होय. मांजरसुंबा–अंबाजोगाई रस्त्याने ससा न्यावयाचा झाल्यास दुपार कटाक्षाने टाळून पहाटे निघावे, हवेशीर पेटीत गवत असावे, आणि प्रवासापूर्वी त्यास उपाशी ठेवू नये. ससा ओकू शकत नाही, उलट उपासाने त्याचे आतडे मंदावते. कान धरून उचलणे हा निव्वळ क्रूरपणा आहे : एक हात छातीखाली व दुसरा पार्श्वभागाखाली घ्यावा, अन्यथा मागच्या पायांच्या झटक्याने त्याचाच कणा मोडतो.

शिवारातील रानससा ही निराळी जात असून, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो धरण्यास मज्जाव आहे.