कांगड्याचे मीठ : एका आहारप्रयोगाचा इतिहास

भारतात विकल्या जाणाऱ्या मिठाच्या बहुतेक पिशव्यांवर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द छापलेला असतो. तो तेथे येण्यामागे हिमालयाच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यात झालेला एक दीर्घ अभ्यास आहे. आहारातील एकच घटक बदलला तर लोकसमूहाच्या आरोग्यात काय फरक पडतो, हे भारतात एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि एवढ्या चिकाटीने तपासल्याची उदाहरणे थोडीच आहेत.

हिमालयाच्या कुशीतील गावांमध्ये गलगंड हा पिढ्यान् पिढ्यांचा आजार होता. हिमनद्या, पाऊस आणि पूर यांमुळे तेथील मातीतील आयोडीन वाहून जाते. साहजिकच तेथील पाण्यात आणि धान्यातही ते कमी असते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी जे थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते, त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन अपुरे पडले की संप्रेरक घटते, पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला अधिक काम करण्याची चेतना देत राहते आणि ती ग्रंथी फुगत जाते. गळ्यावरची ही गाठ डोळ्यांना दिसते. गर्भावस्थेत होणारी हानी मात्र दिसत नाही आणि ती अधिक गंभीर असते. आईच्या शरीरात आयोडीनची तीव्र कमतरता असल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. मूकबधिरता, खुजेपणा आणि बुद्धिमांद्य कायमचे पदरी येते.

या आजाराचे कारण निश्चित होण्यास बराच काळ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट मॅकॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरने गिलगिटमध्ये गलगंडाचा अभ्यास केला. एकाच ओढ्याकाठच्या गावांत वरून खाली जावे तसा आजार वाढत जातो, हे पाहून त्याने दूषित पाण्याकडे बोट दाखवले. पुढे अमेरिकेत डेव्हिड मरीन आणि ऑलिव्हर किंबल यांनी ओहायोतील अ‍ॅक्रन शहरातील शाळकरी मुलींना सोडियम आयोडाइड देऊन गलगंड टाळता येतो, हे दाखवले. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ मध्ये आयोडीनयुक्त मीठ वापरात आले. म्हणजे स्वातंत्र्याच्या वेळी उपाय जगाला ठाऊक होता. भारतापुढील प्रश्न वेगळे होते. उष्ण, दमट हवेत लांबचा प्रवास करून येणाऱ्या मिठात आयोडीन टिकेल का? दुर्गम खोऱ्यात केवळ मीठ बदलल्याने आजार हटेल, की पाणी आणि अन्य कारणेही आड येतील?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे काम विकृतिशास्त्रज्ञ वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. कुन्नूरच्या ज्या पोषण प्रयोगशाळेचा पाया मॅकॅरिसनने घातला होता, तेथेच रामलिंगस्वामींच्या संशोधनाची सुरुवात झाली होती. कांगडा तेव्हा पंजाबात होते; १९६६ मध्ये ते हिमाचलात गेले. १९५६ मध्ये खोऱ्यातील लोकांची प्राथमिक पाहणी करून अभ्यासक्षेत्राचे अ, ब आणि क असे तीन विभाग पाडण्यात आले. सुमारे एक लाख लोक या अभ्यासाच्या कक्षेत होते. अ आणि क विभागांना पोटॅशियम आयोडाइड किंवा पोटॅशियम आयोडेट मिसळलेले मीठ पुरवले गेले, ब विभागाला साधे मीठ. मीठ निवडण्याचे कारण सरळ होते: गरीब असो वा श्रीमंत, प्रत्येक जण ते रोज आणि साधारण सारख्याच प्रमाणात खातो.

सहा वर्षांनी, १९६२ मध्ये, पुन्हा पाहणी झाली. अ आणि क विभागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले होते. ब विभागात उल्लेखनीय फरक नव्हता. त्यानंतर ब विभागालाही आयोडेटयुक्त मीठ मिळू लागले. १९६८ आणि १९७२ च्या पाहण्यांत तिन्ही विभागांत घट आढळली. ज्या विभागात सहा वर्षे काही बदलले नव्हते, तेथेही मीठ बदलताच आजार ओसरू लागला. कार्यकारणसंबंधाचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

या पुराव्याची किंमत मात्र नजरेआड करता येत नाही. उपाय ठाऊक असताना ब विभागातील कुटुंबे सहा वर्षे साधे मीठ खात राहिली. त्या काळात तेथे मुले जन्मली, वाढली. आजच्या संशोधननीतीच्या चौकटीत असा तुलनागट मंजूर होणे अवघड ठरेल. त्याच वेळी हेही खरे, की ब विभागाशिवाय इतर दोन विभागांतील घट मिठामुळेच झाली, असे ठामपणे म्हणता आले नसते. आणि ठाम पुराव्याविना देशव्यापी खर्चाचा निर्णय आणखी लांबला असता. दोन्ही बाजूंना वजन आहे, म्हणूनच वैद्यकीय संशोधनाच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग केवळ यशोगाथा म्हणून वाचू नये.

१९६२ मध्येच राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पण त्याचा भर हिमालयीन पट्ट्यावर होता. नंतरच्या पाहण्यांत मैदानी प्रदेशांतही आयोडीनची कमतरता आढळली. सर्व खाद्य मीठ आयोडीनयुक्त करण्याच्या धोरणाची अंमलबजावणी १९८६ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावातून ‘गलगंड’ जाऊन ‘आयोडीन-न्यूनता विकार’ आले. गळ्यावरच्या गाठीपेक्षा मेंदूची हानी मोठी, याची ती अधिकृत कबुली होती. खाण्यासाठी साधे मीठ विकण्यावरील देशव्यापी बंदी केंद्राने २००० मध्ये उठवली आणि २००६ मध्ये ती पुन्हा लागू झाली.

२०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार सुमारे ७६ टक्के घरांतील मिठात आयोडीनचे प्रमाण पुरेसे, म्हणजे दशलक्षात किमान १५ भाग होते. उरलेल्या घरांपर्यंत ते पोहोचवणे हे आता संशोधनाचे काम उरलेले नाही. कांगड्याने उत्तर १९६२ मध्येच दिले होते. मातीतील आयोडीन परत येत नाही. त्यामुळे पुरवठा ढिला पडला, तर आजार त्याच खोऱ्यांत पुन्हा डोके वर काढू शकतो.